ठळक अक्षराचा धर्म



गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या दरवाजावरील पाटीचा रंग इतका उडाला, कीं परगांवाहून येणाऱ्या पाहुण्यास तीवरील शब्द वाचण्यापेक्षां ओळखावेच लागत. पाटी नवी करावी याविषयीं कोणाचें दुमत नव्हतें. ती कशी असावी याविषयीं मात्र शिक्षकांच्या खोलींत दोन आठवडे चर्चा चालली. एका पक्षाचें म्हणणें, फ्लेक्सची पाटी दोन तासांत होते व स्वस्त पडते, तीच घ्यावी. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें संगणकावर तयार करून पाठविलेला नमुना घ्यावा. त्या नमुन्यांतील अक्षरें जाड, चौकोनी व दणकट असून जुन्या लाकडी ठशांनीं छापल्यासारखीं मुद्दाम झिजलेलीं व टवके उडालेलीं दाखविलीं होतीं. नमुना देखणा होता, हें आम्ही आरंभींच कबूल करतों. तथापि आम्हीं दोन्ही सूचनांस विरोध केला. पाटीसारख्या लहानशा बाबीवरून एवढा वाद कां, असें पुष्कळांस वाटलें असेल. त्याचें उत्तर त्या वेळीं आम्हांस नीट देतां आलें नाहीं. म्हणून तें येथें देत आहों.

अक्षरांचे कामावरून दोन वर्ग पडतात. पुस्तकांतील अक्षर असें असावें, कीं वाचतांना त्याची आठवणहि होऊं नये. वाचकाचें मन अर्थावरून सरळ पुढें जावें. पाटीवरील, भित्तिपत्रावरील किंवा ग्रंथाच्या मुखपृष्ठावरील अक्षराचें काम याच्या उलट आहे. जो आपल्या वाटेनें चालला आहे त्याला त्या अक्षरानें क्षणभर थांबवावयाचें असतें. जुन्या करारांतील हबक्कूक संदेष्ट्याला आपला दृष्टांत पाट्यांवर ठसठशीत लिहिण्याची आज्ञा झाली, ती धांवत जाणाऱ्या माणसाचा विचार करूनच. तेव्हां ठळक अक्षर ही कांहीं केवळ हौस नव्हे. तो वाटसरूंशीं केलेला एक व्यवहार आहे, आणि व्यवहार म्हटला कीं त्याला धर्म आलाच.

आज ज्या दणकट अक्षरांची मुलांना एवढी भूल पडली आहे, त्यांचा जन्म इंग्लंडांतला. रोमन लिपींतील अक्षरांच्या टोकांस लहानसे पाय असतात. जुन्या ग्रंथांच्या टायपांत हे पाय नाजूक व निमुळते असत. पुढें कारखाने वाढले, मालाची व माणसांची ये-जा वाढली, आणि भिंतींवर जाहिराती चिकटविण्याचें युग सुरू झालें. सोडत, नाटक, औषध, लिलांव, ज्याला त्याला रस्त्याच्या पलीकडून दिसणारें अक्षर हवें होतें. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स या टाईप ओतणाऱ्या कारखानदारानें १८१५ च्या सुमारास एक नवा नमुना दाखविला. त्यांत अक्षराची रेघ जाड आणि तिचा पायहि तितकाच जाड, विटेसारखा चौकोनी. नेपोलियनच्या स्वारीमुळें त्या काळीं यूरोपांत मिसर देशाचें मोठें कौतुक चाललें होतें. म्हणून अशा अक्षरांना लोक 'इजिप्शियन' म्हणूं लागले. मिसरच्या चित्रलिपीशीं त्यांचा वस्तुतः कांहीं संबंध नव्हता. पुढें १८४५ सालीं रॉबर्ट बेस्ली यानें 'क्लॅरेंडन' नांवाचा टाईप काढून कायद्यानें नोंदविला. साध्या मजकुरांत एखादा शब्द ठळक उठून दिसावा, या कामीं तो फार उपयोगी पडला. नोंदीचें संरक्षण तीनच वर्षांचें होतें. मुदत संपतांच इतर कारखान्यांनीं त्याच्या मनसोक्त नकला केल्या.

अक्षर फार मोठें करावयाचें तर शिसें निरुपयोगी ठरतें. तें जड होतें, महाग पडतें, आणि ओतल्यावर सगळीकडे सारखें निवत नाहीं. म्हणून १८२७ सालीं न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यानें यंत्रानें लाकडांत अक्षरें कोरून विकण्याचा धंदा काढला. लाकूड हलकें व स्वस्त. परंतु तें छापखान्यांत वर्षानुवर्षें हाताळलें जाई, त्याचे कोपरे झिजत, पृष्ठावर चरे पडत, मग तेथें शाई लागत नसे. छापखानेवाल्यास हें दूषण वाटे. आज त्यालाच भूषण समजून संगणकावर त्याची नक्कल होते. या कुळांतलें आणखी एक अक्षर पालकांनीं नित्य पाहिलेलें आहे, तें इंग्रजी टाईपरायटरचें. त्या यंत्रांत 'आय' या काडीसारख्या अक्षराला व 'एम' या रुंद अक्षराला सारखीच जागा मिळते. म्हणून 'आय'ला लांब पाय देऊन ती जागा भरून काढावी लागते. तेव्हां त्या पायांमागें शोभा नव्हे, गरज होती. चांगल्या अक्षराचा वळसान् वळसा असाच कोणत्या तरी गरजेंतून निघालेला असतो, हें मुलांनीं ध्यानांत ठेवावें.

आपल्या मराठीची कथा याहून निराळी व अधिक हृद्य आहे. गोव्यांत १५५६ सालीं छापखाना आला, परंतु देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणून फादर स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' भाषेनें मराठी असूनहि १६१६ सालीं रोमन लिपींत छापावें लागलें. जवळजवळ दोनशें वर्षांनीं, १८०५ सालीं, बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण छापून निघालें. त्या छापखान्यांत देवनागरी ठसे कोरण्याचें काम पंचानन कर्मकार या बंगाली कारागिरानें आरंभिलें होतें. १८१३ सालीं अमेरिकन मिशनरी मुंबईस आले. पुढें त्यांच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यानें देवनागरीचे अधिक सुबक ठसे घडविले. त्याच छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामावर राहिलेला जावजी दादाजी हा गरीब मुलगा पुढें १८६४ सालीं स्वतःचा टाईप ओतण्याचा कारखाना काढतो, १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना उभारतो, आणि राणोजी रावजी आरू या कसबी सहकाऱ्याच्या हातच्या ठशांनीं साऱ्या हिंदुस्थानांत नांव मिळवितो. परदेशी धर्मोपदेशक, बंगाली कारागीर आणि मुंबईचा खिळे घासणारा पोर, एवढ्यांच्या हातांतून आपलें अक्षर आपल्यापर्यंत आलें आहे. तें वापरतांना निष्काळजी राहण्याचा आपणांस काय अधिकार?

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. इंग्रजी ठळक अक्षराचा तो विटेसारखा पाय उचलून देवनागरीला लावला म्हणजे काम झालें, अशी पुष्कळांची समजूत दिसते. परंतु रोमन अक्षर जमिनीवर पाय रोवून उभें राहतें, तर देवनागरी अक्षर मांडवाला द्राक्षांचे घोस लोंबावे तसें शिरोरेघेला लोंबतें. तिचें बळ पायांत नाहीं, माथ्यांत आहे. कान्याच्या खालीं चौकोनी पाय जोडला, तर धोतर नेसलेल्या माणसाच्या पायांत शिपायाचे बूट घातल्यासारखें दिसतें. शिवाय आणखी एक धोका आहे. रेघ जसजशी जाड होते, तसतशी अक्षराच्या पोटांतील मोकळी जागा कमी होते. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांत फरक तो केवढा? माथ्याशीं रेघेंत असलेली तिळाएवढी फट! जाडीच्या हव्यासांत ती फट बुजली, कीं 'धन' म्हणावयाचें तेथें 'घन' होतें आणि 'भात' म्हणावयाचा तेथें 'मात' होते. आपल्या जिल्ह्याचें नांवच 'ध'नें सुरू होतें. माजी विद्यार्थ्याच्या त्या देखण्या नमुन्यांत 'धाराशिव' हा शब्द दहा पावलांवरून 'घाराशिव' असा दिसत होता. आम्हीं सातवींतील चार मुलांना तो लांबून वाचावयास सांगितला. तिघांनीं 'घा' वाचला. जें अक्षर आपल्या गांवाचें नांव नीट सांगूं शकत नाहीं, तें कितीहि दणकट असलें तरी काय कामाचें?

जुनेपणाच्या नकलेविषयीं आमचा आक्षेप याहूनहि खोल आहे. दोन वर्षांपूर्वीं आम्ही कांहीं मुलांना घेऊन शहरांतील एका बंद पडलेल्या छापखान्यांत गेलों होतों. शिशाचे खिळे मालकांनीं वजनावर विकून टाकले होते. देवनागरीला जोडाक्षरांसुद्धां शेंकडों प्रकारचे खिळे लागतात, त्यांच्या घरांची लाकडी कपाटें मात्र रिकामीं उभीं होतीं. एका गोणींत जत्रेच्या व तमाशाच्या जाहिरातींसाठीं वापरलेलीं मोठीं लाकडी अक्षरें शिल्लक होतीं. त्यांतील एक 'क' दार वाऱ्यानें आपटूं नये म्हणून दाराखालीं सारलेला होता. मालकांनीं तीं अक्षरें मुलांच्या हातीं दिलीं, शाई लावून दाखविली, आणि आम्हीं त्यांनीं शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमाचें एक पत्रक छापलें. 'ळ' एकच होता, म्हणून 'नाताळ' व 'वेळ' हे शब्द दोन वेळां दाबून छापावे लागले. त्या पत्रकांत 'अ' तीनदां आला होता; तिन्ही 'अ'कारांवरचे ओरखडे वेगवेगळे होते, कारण ते तीन निरनिराळे लाकडाचे तुकडे होते आणि प्रत्येकानें आपापलें आयुष्य काढलें होतें. संगणकावरच्या त्या नमुन्यांत मात्र प्रत्येक 'श'ला त्याच जागीं तोच टवका! हें पाहून एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, सगळ्यांना एकाच ठिकाणीं कसें लागलें?" तिच्या प्रश्नावर आम्हांस अधिक कांहीं बोलावेंसें वाटत नाहीं. श्रम न करितां घट्टे, प्रवास न करितां धूळ, आणि सेवा न करितां म्हातारपण अंगावर चढवून घेणें हें अक्षराला शोभत नाहीं, तसें शाळेलाहि शोभत नाहीं. आमची शाळा जुनी असेल तर तें तिच्या मुलांवरून कळावें. पाटीच्या खोट्या झिजेवरून नव्हे. तेरच्या गोरोबाकाकांनीं थापटण्यानें मडकें वाजवून कच्चें-पक्कें पारखलें, अशी कथा आपण सारे ऐकत आलों आहों. बाहेरचा रंग पाहून पारख करण्याची चाल त्यांच्या जिल्ह्यांत पडूं नये.

फ्लेक्सविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमच्या शहराच्या कोणत्याहि चौकांत उभे राहून पाहावें. वाढदिवस, निवड, सत्कार, श्रद्धांजली, सर्वांचीं अक्षरें सारखींच फुगलेलीं, सारख्याच रंगांत न्हालेलीं. चेहरे हातभर, आणि ज्या कारणासाठीं फलक लावला तें कारण बोटभर. सर्वच जेथें मोठ्यानें ओरडतात तेथें कोणाचेंच ऐकूं येत नाहीं. ठळक अक्षराचा पहिला नियम असा, कीं तें थोडें वापरावें. 'विहीर खोल आहे', 'पुढें शाळा आहे, वाहन हळू चालवा', 'पाण्याचा टँकर अमुक वाजतां येईल', हीं वाक्यें ठळक लिहिण्याचीं आहेत. कमी पावसाच्या या मुलखांत शेवटची पाटी तर घागर घेऊन आलेल्या म्हाताऱ्या बाईलाहि वाचतां आली पाहिजे. परंतु तीच पाटी बहुधा वहीच्या कागदावर पेनानें लिहून खांबाला चिकटविलेली आढळते, आणि शेजारीं एखाद्या वाढदिवसाचीं अक्षरें पुरुषभर उंच असतात. कशाला मोठें अक्षर द्यावें व कशाला लहान, यावरून समाजाला काय मोठें वाटतें हें कळून येतें.

या जिल्ह्यांतील पाट्यांना एक इतिहासहि आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. दरबारची भाषा उर्दू, घरची मराठी, आणि वरच्या कचेऱ्यांत इंग्रजीहि. तेव्हां पाटी रंगविणाऱ्यास उजवीकडून डावीकडे व डावीकडून उजवीकडे असा दोन्ही बाजूंनीं कुंचला चालवितां येणें भाग होतें. २०२३ सालीं शहराचें व जिल्ह्याचें नांव सरकारदरबारीं उस्मानाबादऐवजीं धाराशिव झालें आणि गांवोगांवच्या पाट्या बदलल्या. नांवाविषयीं वाद करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु जुन्या पाट्या उतरवितांना त्यांवरील अक्षरांचें कसबहि मातींत गेलें, याची हळहळ आम्हांस वाटते. प्रभु येशूच्या क्रुसावर पिलातानें लावलेली पाटी तीन भाषांत लिहिलेली होती, असें योहानाच्या शुभवर्तमानांत सांगितलें आहे. ती उपहासासाठीं लिहिली असो वा कशासाठीं, जवळून जाणाऱ्या प्रत्येकास आपल्या भाषेंत ती वाचतां आली. चांगल्या पाटीची कसोटी हीच, कीं येणारा परका असो वा आपला, तिनें त्याला दाराबाहेर ठेवूं नये.

आमच्या विरोधकांचें म्हणणें आम्हीं ऐकलें नाहीं असें नाहीं. लहान दुकानदारास फ्लेक्स परवडतो; हातानें रंगविलेली पाटी चार दिवस घेते व तिला चौपट पैसे पडतात; दुकान नवें, भांडवल थोडें, अशा वेळीं त्यानें स्वस्त वस्तु घेतली तर त्याला दोष देण्याइतके आम्ही निष्ठुर नाहीं. संगणकाशींहि आमचें वैर नाहीं. पवईच्या आय.आय.टी.त शिकविलेले र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनीं सुलेखनाची दृष्टि घेऊन संगणकासाठीं देवनागरी अक्षरें घडविलीं. 'मंगल' हा त्यांचा टाईप आज असंख्य लोक नकळत वाचीत असतात. मराठी नाटकांच्या नांवांना ज्यांनीं आपल्या अक्षरांनीं चेहरा दिला, ते कमल शेडगे (१९३५–२०२०) यांचें काम पालकांपैकीं अनेकांनीं वृत्तपत्रांतील जाहिरातींत पाहिलें असेल. मुंबईच्या रेल्वेवरील हातानें रंगविलेल्या पाट्यांचा अभ्यास करून केलेला 'यात्रा वन' नांवाचा संगणकीय टाईपहि सर्वांस मोफत उपलब्ध आहे. त्यांत टवक्यांची नक्कल नाहीं; कुंचला कसा वळतो याची समज आहे. भेद हात आणि यंत्र यांच्यांत नाहीं. समजून केलेलें आणि नुसतें वरून चढविलेलें, यांच्यांत आहे.

आतां जी गोष्ट सांगण्यासाठीं आम्हीं लेखणी हातीं घेतली, ती सांगतों. पाटीचा वाद चालू असतां प्रवेशाचे जुने अर्ज चाळण्याचा प्रसंग आला. आमच्या नववीच्या वर्गांतील एका मुलानें वडिलांच्या व्यवसायापुढें 'मजुरी' असें लिहिलें होतें. त्याचे वडील वीस-पंचवीस वर्षें या शहरांत पाट्या रंगवीत आले आहेत, हें आम्हांस ठाऊक होतें. विचारलें तेव्हां तो खालीं पाहत म्हणाला, कीं आतां काम मिळत नाहीं, वडील कधीं कधीं घरांना रंग लावावयास जातात, तेव्हां 'मजुरी' हेंच खरें. मुलानें खोटें लिहिलें नव्हतें. खोटें असें कांहीं घडलें असेल तर तें आपणां सर्वांकडून घडलें आहे. कारण ज्या माणसाला 'ध'ची फट कोठें ठेवावी हें ठाऊक आहे, त्याला आपण सर्वांनीं मिळून भिंतीला चुना फांसावयास पाठविलें आहे.

अखेर मुख्याध्यापकांनीं व शाळा-समितीनें आमची विनंति मान्य केली. पाटी त्याच गृहस्थांनीं रंगविली. चार दिवस मधल्या सुटींत मुलें त्यांच्याभोंवतीं जमत. त्यांनीं प्रथम खडूच्या दोरीनें शिरोरेघेची व तळाची रेघ आखली. मग अक्षरांआधीं अक्षरांमधील मोकळ्या जागा मोजल्या. एका मुलानें कारण विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "बाळा, रंग कोणीहि भरील; पांढरें राखतां आलें पाहिजे." अक्षरें जाड आहेत, ठसठशीत आहेत, रस्त्याच्या पलीकडून दिसतात; त्यांवर एकहि खोटा टवका नाहीं. 'ध'च्या माथ्याशीं फट स्वच्छ आहे. पुढील पंचवीस वर्षांच्या उन्हापावसांत ती पाटी झिजेल, आणि ती झीज तिची स्वतःची असेल.

पालकांस आमचें एवढेंच मागणें आहे, कीं वर्षांतून एखादी पाटी, एखादी लग्नपत्रिका, एखादें घराचें नांव अशा हातानें करवून घ्यावें. आणि विद्यार्थ्यांनो, वहीच्या वेष्टनावर आपलें नांव लिहितांना क्षणभर थांबा. तें तुमच्या आईवडिलांनीं तुम्हांस दिलेलें नांव आहे. परक्या माणसालाहि तें चुकल्यावांचून वाचतां येईल असें लिहा. येत्या जूनपासून दर शनिवारीं शाळा सुटल्यावर पाटीलेखनाचा वर्ग सुरू होत आहे. शिकविणारे गृहस्थ तेच आहेत. त्यांच्या मुलानें वर्गासाठीं आपलें नांव सर्वांत आधीं नोंदविलें, आणि या खेपेस वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यांत त्यानें काय लिहिलें, तें आम्हीं त्याच्या नकळत पाहून घेतलें आहे.